अकरावं टेबल

नागोजी कुठल्याही यंत्राला हात लावायचा तो उलटा. तळव्यानं नाही, बोटांच्या मागच्या बाजूनं, लेकराचा ताप बघावा तसा. ही सवय त्याला रेडिओच्या दिवसांत लागली. हुबळीत दुर्गदबैलाच्या एका बोळात तो ज्या कानडी मिस्त्रीच्या हाताखाली शिकला, त्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "तळवा लावलास आणि वीज निघाली तर मूठ आवळते. माणूस चिकटून राहतो. उलटा हात लाव, झटका बसला तर आपसूक मागं येतो." नागोजीनं ते जन्मभर पाळलं. यंत्राच्या बाबतीत तरी पाळलं.

त्याचं गाव अळणावरच्या पलीकडं, सागवानाच्या रानाला टेकलेलं. बाप लाकडं तोडायच्या कामावर. गावात पहिला रेडिओ आला तो जंगलखात्याच्या गार्डाकडं, आणि तो बिघडला तेव्हा सोळा वर्षांच्या नागोजीनं झाकण उघडून आत नुसतं बघितलं. दुरुस्त काही झाला नाही. पण त्या उघड्या पेटीतून जो जळका, उबदार वास आला, त्या वासाच्या मागं मागं तो हुबळीला आला. रेडिओनंतर टीव्ही आले, टीव्हीनंतर घरोघर स्टॅबिलायझर आले, ते सगळं तो शिकत गेला. शहाण्णव साली गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात त्यानं पहिला कॉम्प्युटर उघडला. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षर लावून लावून वाचायचा. पण यंत्र काय म्हणतं ते त्याला यंत्राच्या आवाजावरून कळायचं.

रायापूरला दोन खोल्यांचं घर. बायको यमुना. एकुलती लेक योगिता.

योगिता गोकुळ रोडवरच्या 'कुंकुम कार्ड्स'मध्ये अक्षरजुळणी करायची. लग्नाच्या, बारशाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका, आणि गेलेल्या माणसाच्या समाराधनेची कार्डंसुद्धा. मराठी आणि कानडी दोन्ही. नागोजी त्याच कार्यालयाचे कॉम्प्युटर सांभाळायचा, त्यामुळं बाप-लेक बऱ्याचदा एकाच बसनं जायचे. तिचं टेबल खिडकीपाशी. पडद्यावर तिनं केलगेरीच्या तळ्याचा फोटो लावला होता, पाणी सपाट, आणि काठाला एकच बगळा.

दोन हजार सहाच्या फाल्गुनात, एका दुपारी, "अप्पा, डोकं लई दुखतंय," म्हणून ती अर्धं काम टाकून घरी गेली. ताप मेंदूत चढला होता. चार दिवसांत संपलं सगळं.

ते अर्धं काम म्हणजे गावच्या देवीच्या जत्रेची पत्रिका. नागोजीनंच तिच्या मागं लागून लागून करायला लावलेलं. त्या दिवशी सकाळी बसमध्ये तो तिला म्हणाला होता, "जगाच्या पत्रिका करतीस, गावाची एक होईना तुझ्यानं." ती हसली होती. नंतर त्याला आठवायचं ते बोलणं नव्हे, ते हसू.

तिच्या टेबलावर मग कुणी बसलं नाही. कॉम्प्युटरवर कापड टाकलं गेलं. मैत्रीण मनीषा शेजारच्याच टेबलावर बसायची. तिनं खुर्ची तेवढी भिंतीकडं वळवून ठेवली.

दोन हजार आठच्या संक्रांतीनंतर मालक विनायकनं नागोजीला आत बोलावलं. विनायकची माणसं मूळची मिरजेकडची, तीन पिढ्या हुबळीत. बेंगळूरला साडूच्या ऑफिसात तो काहीतरी बघून आला होता आणि ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"अण्णा, हे दहा डबे आता रोज एकेक मान टाकायला लागलेत. सुटे भाग मिळत नाहीत. साडूकडं टेबलाखाली डबाच नाही बघा. एकच मोठा सर्व्हर, आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर त्याच्या पोटात."

"ठाऊक हाय मला," नागोजी म्हणाला. त्यानं याबद्दल वाचलं होतं, अक्षर लावून लावून. प्रत्येकाचा जुना कॉम्प्युटर आहे तसा, त्यातल्या फाँटसकट, वेलबुट्ट्यांसकट, पडद्यावरच्या पसाऱ्यासकट उचलून त्या एका यंत्रात ठेवायचा. माणसासमोर पडदा, कीबोर्ड आणि पाटीएवढी एक डबी. बटण दाबलं की पोटातलं आपलं टेबल, म्हणजे तो आपला कॉम्प्युटर, उठून पडद्यावर येतं.

बाहेर येऊन त्यानं हे सगळ्यांना समजावून सांगितलं. तिथल्या सगळ्यात जुन्या बाई म्हणजे प्रुफं तपासणाऱ्या अंबूताई. त्या चष्मा कपाळावर चढवून ऐकत होत्या.

"म्हणजे पेटी जाणार, पण कॉम्प्युटर राहणार?"

"व्हय."

"म्हणजे कुडी नाही नि जीव तेवढा आहे, असं म्हण की सरळ."

सगळे हसले. हसता हसता अंबूताईंचं लक्ष नागोजीच्या चेहऱ्याकडं गेलं आणि त्यांनी चष्मा खाली ओढून पुढ्यातलं प्रूफ जवळ घेतलं. पण शब्द सुटून गेला होता. तो नागोजीबरोबर बसमध्ये चढला, रायापूरला उतरला आणि घरात शिरला.

"यंत्र तुम्ही निवडायचं," विनायकनं सांगितलं होतं. "मी फक्त सही करतो. पण अण्णा, एकदाच. चैत्रापासून लग्नसराई. यंत्र कमी पडलं तर पत्रिका थांबतील, आणि लग्नाची तारीख काही पत्रिकेसाठी थांबत नाही."

नागोजी दोन आठवडे वही घेऊन कार्यालयात बसला. यमुना घरातली तोंडं बघून पिठाचा अंदाज घ्यायची, तसा तो प्रत्येक टेबलाचा अंदाज घेत होता. मनीषाचं टेबल चित्रं फार उघडतं, भूक जास्त. अंबूताईंचं नुसतं वाचायचं, चिमणीएवढं. सरासरी काढली तर एका टेबलाला पाऊण जीबी मेमरी पुरे. दहा टेबलांना साडेसात. सर्व्हरला स्वतःला अर्धा. आठ जीबी, अगदी काठोकाठ. उरलेल्या पैशांत चार वेगवान डिस्क बसत होत्या, आणि वीजपुरवठ्याचे दोन संच, म्हणजे एक गेला तर दुसरा धरेल. हुबळीतल्या विजेचा लहरीपणा त्यानं तीस वर्षं बघितला होता. त्यानं यादी स्वच्छ लिहून काढली. चांगली यादी होती.

पण त्यानं माणसं मोजली सकाळी अकराला, दुपारी बाराला आणि चारला. साडेनऊला तो तिथं कधीच नव्हता.

साडेनऊला 'कुंकुम कार्ड्स'मध्ये आरती व्हायची. अंबूताई गणपतीपुढं दिवा लावायच्या, मग प्रत्येक कॉम्प्युटरच्या बटणाला हळदीकुंकवाचं बोट. आरती संपेपर्यंत कुणी यंत्राला हात लावायचा नाही, हा तिथला नेम. आणि आरतीत घंटा वाजवायची योगिता. ती गेल्यापासून नागोजी मुद्दाम उशिराची बस धरायचा. घंटा आता मनीषा वाजवते हे त्याला माहीत होतं. ऐकायची ताकद नव्हती.

यादी घेऊन तो विनायकच्या दाराशी गेला. आत जायच्या आधी त्याची नजर कापड टाकलेल्या त्या कॉम्प्युटरवर गेली. नवी व्यवस्था आली की दहा पेट्या भंगारात जाणार, आणि ही अकरावीही.

तो तसाच परत फिरला. खिडकीपाशी उभ्यानंच त्यानं वहीत दहाचे अकरा केले. सव्वाआठ, आणि सर्व्हरचा अर्धा. पावणेनऊ. आठमध्ये ते मावत नव्हतं, आणि त्या यंत्राची पुढची पायरी थेट बाराची. तेवढ्याच पैशांत बारा घ्यायची तर चार वेगवान डिस्कच्या जागी दोन साध्या, सावकाश फिरणाऱ्या. एका टेबलासाठी एवढा बदल. त्यानं पान फाडून दुसरी यादी लिहिली.

"मेमरी एवढी कशाला ओ, अण्णा?" विनायकनं विचारलं.

"एक टेबल जादाचं असू द्या," नागोजी म्हणाला. "कुणाचं बिघडलं, अडलं, तर त्याला ते देता येतंय."

विनायकनं सही केली. नागोजी उभ्या आयुष्यात यंत्राबद्दल खोटं बोलला नव्हता. हे तरी कुठं पूर्ण खोटं होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

माघात सर्व्हर आला. मागच्या खोलीत बसवला. नागोजीनं सगळ्यात आधी योगिताचा कॉम्प्युटर उचलून त्यात घेतला, मग बाकीचे दहा. रिकाम्या पेट्या हातगाडीवरून गेल्या तेव्हा तिचीही गेली, आणि त्यानं मान वर करून बघितलं नाही. खोलीत एकटा असताना त्यानं अकरावं टेबल पडद्यावर आणलं. तळं आलं. बगळा आला. त्यानं जत्रेची पत्रिका उघडली. देवीचं नाव, तिथी, पालखीची वेळ, महाप्रसाद, खाली 'आपले विनीत' आणि पुढं रिकामं. तिनं सोडलं होतं त्या जागी त्यानं कर्सर नेऊन ठेवला. ती बारीक उभी रेघ लुकलुकायला लागली. कुणीतरी विचार करत थांबलंय, आता लिहील, अशी.

ते टेबल त्यानं नंतर बंद केलंच नाही. संध्याकाळी सगळे घरी जायचे, दहा टेबलं निजायची, अकरावं जागं असायचं. रायापूरला जेवताना तो मधेच थांबायचा. यमुना विचारायची, "काय ओ?" तो म्हणायचा, "काय न्हाई." त्याच्या डोळ्यांपुढं अंधाऱ्या कार्यालयात मिटलेल्या पडद्यांच्या मागं ती रेघ लुकलुकत असायची. आपली लेक कुठंतरी जागी आहे, असं त्याला वाटायचं. त्यातलं सुख किती आणि भीती किती, हे त्यानं कधी चाचपून बघितलं नाही. उलटा हातसुद्धा लावला नाही.

आणि सकाळी टेबलं उठेनात.

दुपारी सगळं ठीक. सकाळी मात्र पंधरा-पंधरा मिनिटं पडदे काळे. तक्रार आली की नागोजी वायरी बदलायचा, डब्या बदलायचा. अंबूताई म्हणायच्या, "गणपतीला रोज उठवतो आम्ही, तुझ्या यंत्राला भूपाळी कोण म्हणणार?" तो येईपर्यंत साडेदहा वाजलेले असायचे आणि सगळं सुरळीत चाललेलं असायचं. दुखणं त्याच्या डोळ्यांपुढं कधी होतच नव्हतं.

फाल्गुनात, दोन वर्षं व्हायला चार दिवस राहिले असताना, विनायकनं त्याला फर्मानच काढलं: "उद्या साडेनऊला इथं पाहिजे."

तो आला. दाराशीच उभा राहिला, चप्पल न काढता. अंबूताईंनी दिवा लावला. मनीषानं घंटा हातात घेतली, त्याच्याकडं एकदा बघितलं आणि हळू वाजवायला लागली. नागोजीनं दाराची चौकट धरली. आरती संपली, घंटा थांबली, आणि त्या थांबलेल्या घंटेच्या नादातच दहा बोटं दहा बटणांवर एकदम पडली. टक्.

त्याला एका क्षणात कळलं. दहा माणसं रोज, एकाच घटकेला, दहा कॉम्प्युटर मुळापासून उठवतात. तेवढ्या वेळात मेमरी कामाची नाही, डिस्क कामाची. आणि डिस्क त्यानं घेतल्या होत्या दोन, सावकाश फिरणाऱ्या. दहा माणसं एका अरुंद दारातून एकदम आत शिरायला बघत होती. त्या चार वेगवान डिस्क असत्या तर दार रुंद होतं. ज्या घंटेपासून तो दोन वर्षं पळत होता, ती एकदा ऐकली असती तरी हे कळलं असतं.

तो मागच्या खोलीकडं निघाला आणि मनीषाचा आवाज आला. ओरडली नाही ती. अगदी हळू म्हणाली.

"अण्णा. योगिता लिहायला लागलीय."

तिच्या पडद्यावर तळं होतं. बगळा होता. पत्रिका होती, आणि 'आपले विनीत'च्या पुढं रेघ लुकलुकत होती. मनीषानं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून छातीशी धरले होते. सगळे उठून भोवती आले, पण टेबलापासून हातभर लांब राहिले. कुणीतरी कानडीत देवाला हाक मारली, 'अय्यो देवरे'. कुणीतरी चपला बाहेर काढून आलं.

कसं झालं ते नागोजीला ठाऊक होतं. 'ज्याचं टेबल वेळेत उठलं नाही, त्याला जागं असलेलं जादाचं टेबल द्यावं', हा नियम आदल्या संध्याकाळी, विनायकच्या फर्मानानंतर, त्यानंच सर्व्हरला घालून दिला होता, विनायकला सांगितलेली थाप खरी दिसावी म्हणून. रोज अकरावं टेबल जागं असायचं, आणि आज मनीषाचं सगळ्यात मागं राहिलं.

"कुणी बसवलं हे?" विनायकनं विचारलं.

"मी," नागोजी म्हणाला. आणि मग तिथं, सगळ्यांच्या देखत, त्यानं सगळं सांगितलं. पहिली यादी, फाडलेलं पान, आठचे बारा, चारच्या दोन. "यंत्र तुमच्यासाठी निवडायचं होतं, विनायकराव. मी माझ्यासाठी निवडलं. लग्नाच्या पत्रिका थांबल्या तर त्याला कारण मी. डिस्क बदलाव्या लागतील. मेमरी परत द्यायची. मग दहाच मावतील."

विनायक टेबलाच्या कडेवर बसला, उठला, परत बसला.

"मला सांगितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का, अण्णा?"

"न्हाई म्हणाला नसता. म्हणून तर सांगितलं न्हाई. होय म्हटल्यावर मला ती गेली असं बोलायला लागलं असतं."

अंबूताईंनी पदरानं चष्मा पुसला, आणि पडद्याजवळ वाकून पत्रिका वरपासून वाचायला लागल्या, ओठ हलवत, रोज वाचायच्या तशी.

"दोन वर्षं झाली, माझ्याकडं प्रूफ आलेलं नाही याचं," त्या म्हणाल्या. "काम अर्धं ठेवून मुलगी जागी बसवून ठेवलीस होय रे? शेवटाला काय यायचं होतं?"

"समस्त गावकरी," नागोजी म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग घाल की."

त्यानं हात पुढं केला, आणि हात मागं आला. झटका बसल्यासारखा. त्यानं मनीषाकडं बघितलं. मनीषा खुर्चीवर पुढं सरकली. तिनं 'समस्त गावकरी' लिहिलं. दोन शब्द, आणि रेघ पुढं सरकून त्यांच्या मागं उभी राहिली.

"तारीख दोन वर्षांमागची आहे," अंबूताई म्हणाल्या. "यंदाची काय?"

हे नागोजीच्या ध्यानात आलं नव्हतं. पत्रिका पुरी करायची म्हणजे तिच्या हातचं काहीतरी पुसावं लागणार. मनीषा थांबली, कुणी तिला घाई केली नाही. मग त्यानं यंदाची तिथी आणि वार सांगितला. मंगळवार गेला, बुधवार आला. अंबूताईंनी प्रूफ काढायला लावलं, लाल पेन घेतलं, आणि पालखीच्या वेळेत एक चूक काढलीच. "सोडली असती तर रागावली असती माझ्यावर," असं पुटपुटत त्यांनी ती दुरुस्त केली.

दुपारी, सगळे जेवायला बाहेर गेले असताना, नागोजी मागच्या खोलीत गेला. अकरावं टेबल बंद करताना यंत्र एकदा विचारतं, खरंच बंद करायचं का म्हणून. त्यानं होय म्हटलं. तळं गेलं. मग त्यानं सर्व्हरच्या अंगावर हात ठेवला, सुलटा, सगळा तळवा. आतली थरथर त्याच्या हातात आली. तो हात झटकन मागं आला नाही. माणसं जेवून परत आल्याचा आवाज होईपर्यंत तो तसाच उभा होता.

रविवारी दुकानदारानं कुरकुरत मेमरी परत घेतली आणि चार वेगवान डिस्क दिल्या. नागोजीनं दहा टेबलं त्यांच्यावर हलवली. शेवटी अकरावंही हलवलं. डिस्कवर त्याला निजायला जागा होती. मेमरीत उठायला नव्हती.

सोमवारी तो साडेनऊच्या आत आला. मनीषानं घंटा त्याच्यापुढं धरली. त्याला ती नीट वाजवता येईना, ताल चुकत होता, आणि अंबूताई आरती म्हणता म्हणताच त्याच्याकडं डोळे वटारत होत्या. मग दहा बोटं पडली, आणि अंबूताईंची खडीसाखर वाटून व्हायच्या आत दहा टेबलं उठली. नागोजीनं मागच्या खोलीत जाऊन बघितलं. दहा नावांपुढं हिरवा ठिपका. अकराव्यापुढं राखाडी. त्या राखाडी ठिपक्याकडं बघताना, काही हललं नसतानाही, तो लुकलुकल्यासारखा त्याला दोनदा वाटला.

संध्याकाळी छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा घेऊन तो रायापूरला उतरला. पिवळा कागद, लाल शाई. यमुनाला वाचता येत नव्हतं. तिनं एक पत्रिका उचलली, मांडीवर उलगडली आणि अक्षरांवरून बोट फिरवत खालपर्यंत गेली.

"ह्यात तिनं लिवलेलं कुठवर हाय?"

नागोजी शेजारी बसला. त्यानं 'आपले विनीत' आणि 'समस्त'च्या मधल्या त्या बारीक मोकळ्या जागेवर नख टेकवलं.

"हितवर."

यमुनानं त्याचं बोट बाजूला सारलं आणि तिथं आपलं ठेवलं. चुलीवर दूध उतू जाण्याच्या बेताला आलं होतं. दोघांनाही ते दिसत होतं, आणि दोघांतलं कुणी उठलं नाही.